नाव घातलेली हार्ड डिस्क

आमच्या घरात नाव नसलेलं भांडं सापडायचं नाही. ताट, वाटी, तांब्या, झाकण, इतकंच काय, किसणीवरसुद्धा दादांचं नाव कोरलेलं आहे. दादा म्हणजे माझे वडील. लग्नाकार्यात, जयंतीच्या जेवणावळीत भांडी इकडची तिकडे होतात आणि परत येताना दुसरीच येतात, असा आईचा पक्का अनुभव. या एका बाबतीत तिला आमचं निम्मं बेलापूर गाव चोर वाटतं. मी तिचीच लेक. दूधवाल्याचं माप मी वाकून बघते. रिक्षावाल्यानं उगाच हसून विचारपूस केली की पर्स मांडीवर घेते. नवऱ्यावरही मी संशय घेत होते, आणि तो संशय खरा निघाला म्हणून तर परत आईवडिलांकडे येऊन राहिले. तेव्हा संशय वाईट असतो वगैरे मला कुणी शिकवू नये.

बाहेरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर मी लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बोर्ड, लोकांचे ऑनलाइन फॉर्म असली कामं करते. त्यावर घर चालतं, पण त्या दिवशी जीव टांगणीला लागला तो कामापायी नाही. त्या मशीनमध्ये दादांचा आवाज होता.

दादा शुगर फॅक्टरीत कामाला होते आणि सुटी मिळाली की गायन पार्टीत गायचे. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कुणाचं बारसं असो, पेटी घेऊन निघाले की दुसऱ्या दिवशी घरी. सोनईपासून देवळालीपर्यंत लोक त्यांना आवाजावरून ओळखत. मग घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. आता ते गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून श्वास घेतात, त्यावर पांढरं मऊ फडकं बांधतात आणि हातवाऱ्यांनी बोलतात. जुन्या कॅसेटी मी एका माणसाकडून कॉम्प्युटरमध्ये भरून आणल्या होत्या. नंतर कॅसेटींना बुरशी आली, त्या टाकून दिल्या. म्हणजे दादांची गाणी राहिली ती फक्त त्या एका पेटाऱ्यात.

कॉपी का नव्हती, असं मला सगळ्यांनी विचारलं. कशी असेल? पेनड्राइव्हवर घेतली की कुणीतरी फॉर्म न्यायला मागून नेतो आणि परत देत नाही. मोबाइलवर घेतली की चुलत भावंडं म्हणणार, पाठव की. पाठवली की दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी पार्टीवाल्यानं दादांची चाल उचलून, स्वतःचा फोटो लावून ती जगभर टाकलेली. असं एकदा झालंही होतं. तेव्हापासून मी गाणी कुणाच्या हाती लागू दिली नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता.

तर त्या दुपारी मी एक पत्रिका जुळवत बसले होते. एकदम डोक्यावरचा पंखा भन्नाट सुटला, ट्यूबलाइट डोळे दिपवायला लागली, आणि मशीनच्या मागून फट्ट असा आवाज होऊन जळका वास सुटला. गल्लीतही आरडाओरडा सुरू झाला. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरची न्यूट्रलची तार सुटली होती, म्हणून विजेचा दाब वाढला म्हणे. कुणाचा मिक्सर गेला, कुणाचा टीव्ही. माझा पहिला संशय शेजारच्यांवर, कारण त्यांनी तारेवर आकडा टाकलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही, असं वायरमन म्हणाला. पण तो शेजारच्यांचा पाहुणा लागतो, तो दुसरं काय म्हणणार.

मी बटण दाबलं. काही नाही. वायर काढली, घातली, परत दाबलं. मशीन ठार गप्प.

आई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. "गानी हाईत ना गं त्यात?"

"बघू."

"बघू काय? हाईत का न्हाईत?"

मी परत एकदा वायर हलवून बघितली. दादा कॉटवर बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मशीनकडे, आणि मग खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला वाटलं, त्यांना दुःख लपवता येत नाहीये.

आमच्याकडे संध्याकाळी रोज ती गाणी लागायची. आई भाकऱ्या थापताना ऐकायची. कुणी भेटायला आलं की मी खुर्ची ओढून द्यायचे, पाहुणा कॉम्प्युटरकडे तोंड करून बसायचा, मी गाणं लावायचे आणि तो डोळे मिटून मान हलवायचा. खोली लहान. खुर्ची तशी ठेवली की मागच्या कॉटकडे पाठ होते, त्याला इलाज नव्हता. "काय गळा हुता दादांचा," असं म्हणून पाहुणे डोळे पुसायचे. दादांना बरं वाटावं म्हणूनच आम्ही ते सगळं करत होतो.

मशीन श्रीरामपूरला न्यायचं ठरलं. मी कॅबिनेट उचलायला लागले तशी आई आडवी आली.

"आदी नाव घालून घे."

"आई, हे भांडं आहे का?"

"पत्र्याचंच हाय ना? दुकानदार आतलं चांगलं काडून घेतो आन् रद्दी बसवतो. मंग बस बोंबलत."

मला हसू यायला हवं होतं. पण हार्ड डिस्क बदलल्याच्या, रॅम पळवल्याच्या गोष्टी मीही ऐकल्या होत्या, आणि हार्ड डिस्क बदलली तर सगळंच गेलं. मी गुपचूप स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये टाकला. दादाही बरोबर यायला निघाले. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे, म्हणून मी नको म्हटलं नाही.

श्रीरामपूरला मी रिक्षा आधी थांबवली ती भांड्यांच्या दुकानापुढं. दारात नावं घालणारा बसतो, त्याच्या पुढ्यात कॅबिनेट ठेवून एकेक भाग काढून द्यायला लागले. त्यानं आयुष्यात काय काय कोरलं असेल, पण असलं गिऱ्हाईक त्याला पहिलंच. "काय नाव घालू?" त्यानं विचारलं. मी दादांचं नाव सांगितलं. त्याचं ते थरथरणारं मशीन घुर्रर्र करत कॅबिनेटवर फिरलं, मग वीज पुरवणाऱ्या, जळालेल्या एसएमपीएसच्या डब्यावर, मग हार्ड डिस्कच्या पाठीवर. रॅमची हिरवी पट्टी त्यानं हातात घेतली आणि परत दिली. "हिच्यावं न्हाई चालायचं, फुटंल." तिला मी नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि सगळं परत जागेवर बसवलं. दादा बाजूला उभं राहून आपलं नाव उमटताना बघत होते.

कॉम्प्युटरवाल्याचं दुकान एका गाळ्यात होतं. माणूस गोड बोलणारा, आणि गोड बोलणारा दुकानदार म्हणजे मी लगेच सावध होते. त्यानं झाकण काढलं, हार्ड डिस्क पाहिली आणि तो गचकन थांबला.

"ताई, हे काय केलंय?"

"नाव घातलंय."

"मशीननं? हार्ड डिस्कवर? अहो, आत चकती असती हिच्या. नाजूक काम असतं. एवढा थरथराट दिला तर कायमची जाती ही."

झालं. मी मनात म्हटलं, आला मुद्द्यावर. उद्या डिस्क बदलली की म्हणायला कारण तयार ठेवतोय, तुमच्याच नाव घालण्यानं गेली म्हणून. वरून मी म्हटलं, "आधी लावून तर बघा."

त्यानं दुसरा एसएमपीएस आणून वायरी जोडल्या. पंखा फिरला. मी पुढं वाकले. पडदा उजळला आणि फोल्डर दिसायला लागले. डिस्क जिवंत होती.

"नशीब तुमचं," तो म्हणाला. "फक्त एसएमपीएस गेलाय. पन मशीन लई जुनं झालंय ताई. रॅम वाढवा, एक एसएसडी टाका, म्हंजी नवी डिस्क, पळत सुटंल."

आता हा गळ्यात मारायला लागला, हे मला कळत होतं. पण मशीन चालू व्हायला चहा उकळून होतो इतका वेळ लागायचा, हेही खरं होतं. त्यानं एसएसडी माझ्या हातावर ठेवली. पत्त्याच्या पानापेक्षा थोडी मोठी, वजन म्हणाल तर नाहीच. मी ती कानाशी धरून हलवून पाहिली. आत काही आहे की नुसता डबा, कुणास ठाऊक. तो हसला, म्हणाला, हिच्यात हलणारं काही नसतंच. कुणीही असंच म्हणेल.

शेवटी मी अटी घातल्या. काम माझ्यासमोर करायचं. कामाच्या फायली नव्या एसएसडीत टाकायच्या. जुनी हार्ड डिस्क आहे तिथंच आत ठेवायची, आणि तिच्यातल्या गाण्यांना हात लावायचा नाही. कॉपीसुद्धा करायची नाही.

"करून दिली असती ताई, कामी आली असती."

"नको म्हटलं ना."

मी स्टुलावर बसून त्याच्या बोटांवर नजर ठेवली. डोळे दुखायला लागले तरी हलले नाही. दादा बाकड्यावर हात बांधून बसून होते. शेवटी सगळं बसवून त्यानं मशीन चालू केलं आणि ते खरोखर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडलं. मला आनंद झाला, पण मी तो दाखवला नाही. जुनी डिस्क दिसते का बघितलं. दिसत होती. गाण्यांचं फोल्डर होतं. फायली तशाच असल्या तरी आतलं गाणं तेच असेल कशावरून? मी एक लावलं.

दादांचा आवाज त्या गाळ्यात घुमला. आलाप असा चढत गेला की रस्त्यावरचे दोघं आत डोकावले. एक गिऱ्हाईक उभं होतं, ते म्हणालं, "वा. कोन हो हे? जुने दिसत्यात. हाईत का गेले?"

"माझे वडील," मी ताठ मानेनं म्हटलं. ते कुठं आहेत ते सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. दादा बाकड्यावर होते, गळ्याचं फडकं नीट करत होते. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

खात्री पटली तशी मी दादांना म्हटलं, "मी रिक्षा दारापर्यंत आणते. तो झाकण लावेपर्यंत नजर ठेवा." त्यांनी मान हलवली. मी रिक्षा घेऊन आले तोवर कॅबिनेट बंद होऊन तयार होतं आणि जुना एसएमपीएस पिशवीत घातला होता. दादा पिशवी पोटाशी धरून उभे होते.

घरी येऊन मशीन लावलं. आई पदर खोचून समोर उभी. मी फोल्डर शोधायला गेले तर जुनी डिस्कच दिसेना. बंद करून चालू केलं. नाही. झाकण उघडलं. हार्ड डिस्कची जागा रिकामी होती. स्क्रूची भोकं तेवढी दिसत होती.

माझ्या तोंडून काय काय निघालं ते लिहिण्यासारखं नाही. कॅबिनेटवर नाव होतं, रॅमवर ठिपका होता, पिशवीतल्या जळक्या डब्यावर नाव होतं, आणि नेमकी डिस्क गायब. गाणं ऐकूनच त्याला कळलं असणार, माल काय आहे ते. आता तो विकणार कुठल्या तरी पार्टीला. आई मटकन खाली बसली. मी फोन लावला. तो म्हणाला, "डिस्क दिलीय ताई. घरात बघा." आणि ठेवून दिला. आवाज असा पडलेला, की चोर असल्याची माझी खात्रीच झाली.

सकाळी मी चप्पल घातली तर दादांनी माझा हात धरला. जाऊ नको, अशी मान हलवली. त्यांना कधीच कुठलं भांडण नको असतं. मी हात सोडवून घेतला आणि निघाले.

दुकानात तीन-चार माणसं होती. बरंच झालं. मी सगळ्यांसमोर सुरुवात केली. वडलांचा आवाज चोरलास, लाज नाही वाटली, वर नाव कोरलेलं आहे, पोलिसांना दाखवीन, लपवशील कुठं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्यानं उलट बोलायला हवं होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं. माझा दम संपल्यावर तो म्हणाला, "ताई, हितं नको. आत या."

आत सामानाच्या खोक्यांत उभं राहून तो हळू आवाजात बोलला. "तुमी रिक्षा आनाय गेल्ता. मी झाकन लावत हुतो. बाबा उठून आले आन् डिस्कवर बोट ठिवलं. मला वाटलं, गानी ऐकायचीत. तर न्हाई म्हनले. काडून दे, अशी खूण केली. मी म्हनलं, ताई रागावत्याल. त्यांनी हात जोडले ताई. माज्यापुढं, एवढ्या माणसानं."

"आणि तू दिलीस?"

"त्या नावावर बोट ठिवलं त्यांनी. मंग सवताच्या छातीवर. नाव त्यांचंच हाय ना वर? ज्याचं नाव, त्याला दिली." त्यानं दाराकडे पाहिलं. "तुमाला सांगू नको अशी पन खूण केली हुती. मी काय बोलनार मंग?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलणारा माणूस मला लांबून कळतो. हा खोटं बोलत नव्हता. बाहेर येऊन मी त्या माणसांना सांगितलं की डिस्क सापडली, घरातच होती. त्यातला एक जण खोचकपणे म्हणाला, "मंग एवढं तोंड कशापायी सोडलं?" मी तशीच रिक्षा बघायला लागले.

घरी आले तेव्हा दादा कॉटवर होते आणि आई दळण निवडत होती. मी दादांपुढं उभी राहिले. वाटेत मनात बरंच काही जुळवलं होतं, पण तोंडातून आलं इतकंच, "दादा, का?"

ते उठले. कॉटखालून खोळ घातलेली पेटी ओढली, तिच्या मागून फडक्यात गुंडाळलेली डिस्क काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मोडायची असती तर त्यांनी वाटेतच कॅनॉलमध्ये टाकली असती. जपून ठेवली होती. मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं माझ्या आजोबांचा फोटो आहे, हार घातलेला. एक बोट त्या हाराकडे. मग टेबलावरच्या स्पीकरकडे. मग स्वतःच्या छातीकडे. मला कळावं म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा केलं. हार, स्पीकर, मी.

मला कळलं होतं, पहिल्याच वेळी. माझ्या डोळ्यांपुढं सगळे पाहुणे आले, डोळे मिटून मान हलवणारे, काय गळा हुता म्हणणारे. मागं कॉटवर हा माणूस जिताजागता बसलेला. रोज संध्याकाळी आम्ही त्याला हार घालत होतो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

आई सुपावरून उठून आली. मला वाटलं, आता ही भांडणार, कारण गाण्यावाचून तिची भाकरी थापली जात नव्हती. तिनं डिस्क माझ्या हातातून घेतली, नावावरून अंगठा फिरवला.

"आवो, मंग सांगायचं ना," ती दादांना म्हणाली. "मला समदी पाठ हाईत. म्या तर तुमच्यासाठी लावाय सांगत हुते."

तिनं डिस्क मोठ्या स्टीलच्या डब्यात ठेवली, ज्यात तिची ठेवणीतली भांडी असतात, आणि वर झाकण घट्ट बसवलं. आता तरी कॉपी करून ठेवावी, असं माझ्या मनात आलं. मी दादांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि मला काय वाटतंय ते त्यांना बरोबर कळत होतं. मी विचारलं, "एक कॉपी? लावणार नाही. नुसती ठेवीन." त्यांनी बराच वेळ विचार केला आणि हाताचा पंजा हलवला. नंतर बघू.

त्याच संध्याकाळी त्यांच्या गायन पार्टीतला जुना ढोलकीवाला आला. मी सवयीनं खुर्ची ओढली, तो सवयीनं कॉम्प्युटरकडे तोंड करून बसला. दुरुस्त होऊन आलेलं मशीन समोर लखलखत होतं, पडद्यावर माझी पत्रिका उघडी होती.

"लाव की गं एक दादाचं."

"मशीन बिघडलंय," मी म्हटलं.

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, डोळे बारीक करून. इतक्या संशयानं मी दूधवाल्याकडेही कधी बघितलं नसेल. मी नजर हटवली नाही. मागं कॉटवर दादांचे खांदे हलत होते. ते आवाज न करता हसत होते.

ढोलकीवाल्यानं स्पीकरकडे एकदा बघितलं. ऐकायला काही नव्हतं, बघायला काही नव्हतं. मग त्यानं ती प्लास्टिकची खुर्ची उचलून फिरवली, कॉटकडे तोंड केलं आणि विचारलं, "काय दादा, कसं काय चाललंय?"

दादांनी गळ्याचं फडकं सारखं केलं, पाय वर घेऊन मांडी घातली, आणि दोन्ही हातांनी सांगायला सुरुवात केली.